पत्ता मिळाला, पण खोल्या किती?

गेल्या दिवाळीत आमची भाची चार दिवस राहायला आली होती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असल्यामुळे फराळाच्या ताटाशेजारी तिचा लॅपटॉपही मांडलेला असे. पाडव्याच्या दुपारी मी जरा आडवा होण्याच्या बेतात असताना तिने हाक मारली.

"मामा, जरा बघा ना. दहा मुलांचे गुण घातलेत आणि सरासरी काढायला सांगितली आहे. उत्तर येतंय साडेसहासष्ट."

"मग बरोबर असेल की! वर्ग बरा दिसतो."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण शेवटच्या मुलाचे पस्तीसचे पंचाण्णव केले, तरी सरासरी साडेसहासष्टच!"

मी चष्मा लावून यादी पाहिली. पहिल्या मुलाचे गुण ६२, दुसऱ्याचे ७१. दोहोंची बेरीज १३३ आणि तिचे निम्मे साडेसहासष्ट. म्हणजे यंत्राने पहिल्या दोघांचीच सरासरी काढली होती आणि उरलेल्या आठ जणांना वर्गाबाहेर उभे केले होते! कुठे तक्रार नाही, कुठे घंटा वाजली नाही. उत्तर तर असे, की कोणालाही खरे वाटावे. शेवटच्या मुलाच्या गुणांत फेरफार करून पाहण्याची बुद्धी पोरीला झाली नसती, तर ही सरासरी तशीच वहीत उतरली असती.

ही चूक आमच्या भाचीची एकटीची नव्हे. 'सी' नावाची संगणकाची भाषा शिकणारी बहुतेक मुले केव्हा ना केव्हा या दगडाला ठेचकाळतात. आणि मुलेच कशाला? याच दगडाला अडखळून एका रात्रीत हजारो संगणक आडवे झाल्याची हकीकत आहे. ती सांगण्यापूर्वी हा दगड कसला आहे, ते पाहू. वाचकांपैकी सर्वांनाच संगणकाचा सराव असेल असे नाही. म्हणून मी आपल्या परिचयाच्या जागेतून सुरुवात करतो. ती जागा म्हणजे चाळ.

चाळीत लांबलचक गॅलरी असते आणि तिच्या कडेने एकाला एक लागून खोल्या. प्रत्येक खोलीला नंबर. संगणकाची मेमरीही अशीच आहे. फरक इतकाच, की खोल्या अब्जावधी आणि एकेका खोलीत एक बाइट, म्हणजे इंग्रजी लिपीतले एखादे अक्षर मावेल एवढीच जागा. एकाच कामासाठी सलग खोल्या अडवून ठेवल्या, की त्या रांगेला 'अ‍ॅरे' म्हणतात. आणि एखाद्या खोलीचा नंबर ज्यावर लिहिला आहे, अशी चिठ्ठी म्हणजे 'पॉइंटर'. रांग ती रांग आणि चिठ्ठी ती चिठ्ठी. घर आणि घराचा पत्ता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पोस्टमनला सांगावे लागत नाही.

'सी' भाषेत मात्र एक विलक्षण रिवाज आहे. रांग एका फंक्शनकडून, म्हणजे कामाच्या एका तुकडीकडून, दुसऱ्या तुकडीकडे सोपवायला गेलात, की वाटेतच तिची चिठ्ठी होते! दुसऱ्या तुकडीच्या हाती पडतो तो फक्त पहिल्या खोलीचा नंबर. खोल्या किती, हे त्या चिठ्ठीवर नसते. देणाऱ्याला आकडा पक्का ठाऊक असतो. पण देण्याच्या क्षणी तो गळून पडतो, आणि गळला म्हणून कोणी ओरडतही नाही.

भाचीच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. दहा मुलांचे गुण, एकेका आकड्याला ४ बाइट, म्हणून रांगेचा आकार ४० बाइट. मूळ जागी 'आकार किती?' असे विचारले तर यंत्र ४० हेच उत्तर देते. त्याला ४ ने भागले की १० मुले; हिशेब चोख. पण सरासरी काढण्याचे काम तिने वेगळ्या फंक्शनकडे दिले आणि तोच प्रश्न तिथे जाऊन विचारला. तिथे रांग कुठे होती? तिथे होती चिठ्ठी, आणि आजच्या सामान्य संगणकावर चिठ्ठीचा आकार ८ बाइट. आठाला चाराने भागले की दोन. म्हणून दोनच मुले! यंत्राने विचारल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले. फक्त प्रश्न घराविषयी होता आणि उत्तर पत्त्याविषयी.

"पण मामा, मी फंक्शनच्या कपाळावर 'दहाची रांग' असं स्पष्ट लिहिलंय!" भाची म्हणाली. बिचारी खरेच बोलत होती. पण गंमत पाहा, त्या जागी दहा लिहा, शंभर लिहा, नाहीतर काहीच लिहू नका. भाषेच्या नियमाप्रमाणे तो आकडा मोजणीत धरलाच जात नाही. रांगेचा पोशाख चढवलेली ती चिठ्ठीच असते. आजचे चांगले कंपायलर, म्हणजे आपला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारे दुभाषे, अशा वेळी एक सूचना छापतात. पण सूचना म्हणजे मनाई नव्हे. आपल्याकडे 'येथे थुंकू नये' या पाटीखाली काय दिसते, ते सर्वांना ठाऊक आहे.

मग असा रिवाज पाडला तरी कोणी? तो माणूस मूर्ख होता काय? मुळीच नाही, त्याच्याइतका बुद्धिमान माणूस या क्षेत्रात क्वचितच झाला असेल. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीज या संस्थेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत 'सी' भाषा घडवली. त्यांचे सहकारी केन टॉम्पसन यांची 'बी' नावाची भाषा त्यापूर्वीची, आणि तिचे मूळ इंग्लंडमधले मार्टिन रिचर्ड्स यांच्या 'बीसीपीएल' भाषेत. या दोन्ही जुन्या भाषांत रांग मांडली, की यंत्र तिच्याबरोबर एक जादा खोली घेई आणि पहिल्या खोलीचा नंबर तिथे लिहून ठेवी.

रिचींच्या वेळी अडचण आली ती अशी. त्यांना फायलींच्या यादीतली एकेक नोंद भाषेत जशीच्या तशी मांडायची होती. नोंद १६ बाइटांची: २ बाइटांचा क्रमांक आणि १४ अक्षरांचे नाव. चकतीवर तिची जागा अगदी काटेकोर बेतलेली. आता नावाची रांग या नोंदीत बसवायची, तर तिचा नंबर लिहिलेली ती जादा खोली दडवायची कुठे? आणि नोंद चकतीवरून उचलून आणल्यावर त्या खोलीत योग्य नंबर लिहायचा कोणी? रिचींनी तोड काढली, की चिठ्ठी साठवायचीच नाही! रांगेचे नाव घेतले, की पहिल्या खोलीचा नंबर जागच्या जागी तयार करायचा. जुने कार्यक्रमही चालू राहिले आणि नवी गरजही भागली. त्या काळी त्यांच्या पीडीपी-११ यंत्राची सारी मेमरी २४ किलोबाइट होती. आज आपण मोबाईलवरून दिवाळीच्या शुभेच्छांचे जे चित्र पाठवतो, ते एकटेसुद्धा बहुधा त्यात मावणार नाही. अशा संसारात एकेक बाइट हिशेबाने खर्चावा लागे. तेव्हा ही काटकसर त्या घराला शोभणारीच होती. पण घर वाढले, माणसे वाढली, दारावर अनोळखी माणसे येऊ लागली, तरी पहिल्या दिवसांतली तीच काटकसर पुढे चालू राहिली, आणि गोष्ट तिथे बिघडली.

मजकुरासाठी 'सी'ने आणखी एक युक्ती ठेवली आहे. मजकुराची लांबी लिहायची नाही. शेवटच्या अक्षरानंतरच्या खोलीत शून्य ठेवायचे. 'जिथे कंदील लावलेला नसेल तिथे थांब' असे मुलाला सांगावे, तसे. कंदील न लावलेली खोली आली तर ठीक. पण कोणी हौसेने तिथेही कंदील टांगला, तर पोरगे गॅलरीभर चालतच राहणार.

आता ती रात्रीची हकीकत. आपल्या चाळीत काकूंनी एका मुलाच्या हाती फराळाची ताटे दिली आणि सांगितले, "नऊ नंबरपासून वाटत जा." द्यायची होती सहाच घरांना, पण ते सांगायचे राहिले. मुलगा आज्ञाधारक. हातातली ताटे संपेपर्यंत तो एकेका दारात ताट ठेवत जाणार. सहांऐवजी आठ ताटे असली, तर पंधरा आणि सोळा नंबरांतही फराळ जाईल. फराळच असेल तर कोणाची तक्रार असणार? पण संगणकाच्या चाळीत नव्या ताटाने जुने भांडे भिरकावले जाते. आणि सोळा नंबरात कदाचित चाळीच्या मॅनेजरची वही असते.

'सी'मध्ये 'गेट्स' नावाचे एक फंक्शन होते. बाहेरून येणारी ओळ वाचायची आणि दिलेल्या जागी ठेवायची, हे त्याचे काम. त्याला मिळे ती फक्त चिठ्ठी. जागा किती, हे विचारण्याची सोयच त्यात नव्हती. ओळ संपेपर्यंत अक्षरे येत राहायची आणि ते ठेवत राहायचे. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या अनेक संगणकांवर 'अमुक माणूस कामावर आहे काय?' अशा प्रश्नांना उत्तरे देणारा एक द्वारपाल कार्यक्रम असे, आणि प्रश्न ऐकण्यासाठी तो याच 'गेट्स'वर विसंबून होता. प्रश्नासाठी त्याने रांग ठेवली होती ५१२ बाइटांची. इतका लांब प्रश्न कोण विचारणार?

२ नोव्हेंबर १९८८ रोजी तो प्रश्न आला. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एक स्वतःहून पसरणारा कार्यक्रम जाळ्यात सोडला. त्याला पुढे 'वर्म', म्हणजे किडा, हे नाव पडले. आत शिरण्याच्या त्याच्या अनेक वाटांपैकी एक अशी, की द्वारपालाला ५३६ बाइटांचा प्रश्न विचारायचा. रांगेपेक्षा केवळ २४ बाइट जास्त! पण यंत्र एक काम थांबवून दुसऱ्याला लागते, तेव्हा 'हे आटोपले की इथे परत ये' अशी एक नोंद जवळच्याच खोल्यांत करून ठेवते. ती नोंद त्या जादा अक्षरांखाली पुसली गेली आणि तिच्या जागी किड्याने आपला पत्ता लिहिला. काम आटोपून यंत्र परत निघाले ते घरी नव्हे, थेट चोराच्या दारी!

किडा पुनःपुन्हा त्याच यंत्रांत शिरत राहिल्याने यंत्रे थकून ठप्प झाली. तेव्हा इंटरनेटवर सुमारे ६०,००० संगणक होते. त्यांपैकी सहाएक हजारांना लागण झाली असावी, असा अंदाज त्या वेळी केला गेला. मॉरिसवर खटला चालला आणि १९९० साली त्याला तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. त्याचे वडील सरकारच्या संगणक-सुरक्षा खात्यात वरिष्ठ शास्त्रज्ञ होते आणि त्यापूर्वी बेल लॅबोरेटरीजमध्येच कामाला होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मुलगा पुढे एमआयटीमध्ये प्राध्यापक झाला, हेही सांगायला हवे.

आणि 'गेट्स'चे काय झाले? भाषेच्या अधिकृत नियमांतून ते काढून टाकले गेले २०११ साली. मध्ये तेवीस वर्षे गेली!

कोणी म्हणेल, तेव्हापासून माणसे शहाणी झाली असतील. पुढचा दाखला ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला. बँकेची किंवा दुकानाची वेबसाइट उघडली की आपले बोलणे कुलूपबंद करून नेण्याचे काम 'ओपनएसएसएल' नावाचा कार्यक्रम असंख्य ठिकाणी करतो. त्यात एक सोय होती. एका यंत्राने दुसऱ्याला 'जागा आहेस ना? हा शब्द परत पाठव, त्याची अक्षरे इतकी' असे विचारायचे आणि दुसऱ्याने तो शब्द परत पाठवायचा. लबाडाने शब्द पाठवावा इवलासा आणि अक्षरे सांगावीत चौसष्ट हजार! पलीकडच्या कार्यक्रमाकडे शब्दाच्या पहिल्या अक्षराची चिठ्ठी होती. पण खरी लांबी त्या चिठ्ठीला चिकटलेली नव्हती. म्हणून पाहुण्याने सांगितलेला आकडाच खरा मानून तो शब्दाच्या शेजारच्या खोल्यांतले सामानही भरभरून देत राहिला. त्या सामानात लोकांचे पासवर्ड असत आणि खुद्द कुलपाच्या किल्ल्याही असू शकत. ही चूक २०१२ पासून त्यात होती. कॅनडाच्या कर खात्यातून अशा रीतीने सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विम्याचे क्रमांक चोरीला गेले. इंग्रजीत या दुखण्याला 'हार्टब्लीड' म्हणतात. हृदयातून रक्त ठिबकावे तसा प्रकार, आणि तोही बिनबोभाट.

दरवेळी चौकशी झाली की निष्कर्ष ठरलेला: लिहिणाऱ्याने काळजी घ्यायला हवी होती. हे खोटे नाही. पण मला विचाराल तर ते अपुरे आहे. जो आकडा देणाऱ्याला माहीत होता तो वाटेत फेकून द्यायचा, आणि मग घेणाऱ्याला म्हणायचे, 'तू लक्षात का ठेवला नाहीस?' हा कुठला न्याय? पन्नास वर्षे लक्षावधी हुशार माणसांनी काळजी घेतली आहे आणि तरी चुका होतच आहेत. काळजी ही औषधासारखी असते. रोजच्या जेवणाऐवजी ती खाऊन भागत नाही.

आणि हे कोणालाच ठाऊक नव्हते असेही नाही. इंग्लंडमधले टोनी होर हे १९६० नंतरच्या काळात एलियट ब्रदर्स या कंपनीसाठी 'अल्गोल' भाषेचा कंपायलर तयार करत होते. रांगेतल्या कोणत्याही खोलीला हात लावण्यापूर्वी 'ही खोली खरोखर या रांगेतली आहे काय?' हे त्यांचा कार्यक्रम दरवेळी तपासून पाही. त्यात वेळ जाई. म्हणून काही वर्षांनी त्यांनी गिऱ्हाइकांना विचारले, की ही तपासणी बंद करण्याची सोय देऊ का? सर्वांनी एकमुखाने नको म्हटले. आपल्या हातून चुका किती होतात, हे त्या गिऱ्हाइकांना पुरते कळले होते! १९८० साली ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना होर यांनी हा किस्सा सांगितला आणि भाषा घडवणारे त्यापासून काही शिकले नाहीत, अशी खंतही बोलून दाखवली.

उपाय तसा साधा आहे. चिठ्ठीवर पत्त्याबरोबर मोजणीही लिहायची: 'नऊ नंबरपासून, सहा खोल्या.' अशा चिठ्ठीला धंद्यातले लोक गमतीने 'लठ्ठ पॉइंटर' म्हणतात. खुद्द रिचींनी १९९० मध्ये अशी एक सुधारणा सुचवली होती. ती भाषेच्या नियमांत आली नाही. 'डी' भाषेचे जनक वॉल्टर ब्राइट यांनी २००९ साली लिहिलेल्या लेखात रांगेची चिठ्ठी होऊ देणे हीच 'सी'ची सर्वांत मोठी चूक ठरवली. त्यांच्या भाषेत, तसेच 'गो' आणि 'रस्ट' या भाषांत, रांगेचा भाग सोपवताना त्याची लांबी बरोबर जाते. 'सी'च्या कन्येने, म्हणजे 'सी प्लस प्लस'नेही २०२० मध्ये तशी सोय केली.

यात उलट बाजूची एक खुबी सांगण्यासारखी आहे. कधी कधी मोजणी असलेल्या चिठ्ठीला 'ही बरोबर दहा खोल्यांची रांग आहे' असे छातीठोकपणे म्हणायचे असते. 'सी'मध्ये असे म्हणायला काही लागत नाही. म्हटले की झाले, खोल्या चार का असेनात. 'गो' भाषेने २०२१ साली या रूपांतराला परवानगी दिली, पण एका अटीवर. म्हणण्यापूर्वी यंत्र खोल्या मोजते आणि कमी भरल्या, तर कार्यक्रम तिथेच थांबवते. शब्दावर विश्वास आहे, पण मोजून घेतल्यावर. आपल्याकडे सोनारही तोळा तोंडाने सांगतो आणि काट्यावर दाखवतो.

मग सगळे जग या नव्या भाषांकडे का वळत नाही? कारण 'सी'त लिहिलेली अफाट मिळकत जगभर चालू आहे. राहत्या घराचा पाया बदलणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच विचारावे. तरीही काम सुरू झाले आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले, की त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या बेशिस्तीचे असतात. त्यात रांगेबाहेर पाऊल पडणे हा एक प्रकार. रिकामी केलेली खोली पुन्हा वापरणे यांसारखे इतर प्रकारही आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या व्हाइट हाउसमधून एक अहवाल निघाला आणि त्यात मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषा वापरा, असा आग्रह धरला गेला. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीने रांगा आणि चिठ्ठ्यांची काळजी वाहावी, ही वेळ आली खरी! पण आपली बँक, आपले दवाखान्याचे कागद, भाजीवाल्याला दिलेले पैसे, सारे याच खोल्यांतून ये-जा करते. म्हणून हा विषय आता फक्त इंजिनिअरांचा राहिलेला नाही.

भाचीची चूक आम्ही पाच मिनिटांत दुरुस्त केली. फंक्शनला चिठ्ठीबरोबर 'मुले दहा' हा आकडाही वेगळा द्यायला लावला. सरासरी बदलली आणि शेवटच्या मुलाचे गुण हलवले की तीही हलू लागली. "पण मामा, हा आकडा मीच चुकीचा दिला तर?" तिने विचारले. तर पुन्हा तेच, असे मला कबूल करावे लागले. माणसाने हाताने लिहिलेला आकडा आणि भाषेने आपणहून जपलेला आकडा यांत तेवढा फरक राहणारच.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या सौ. ताटांचा थाळा घेऊन बाहेर आल्या. "अगं, हा फराळ देऊन ये बरं. तिसऱ्या मजल्यावर डावीकडच्या पहिल्या दारापासून सुरू कर."

पोरीने थाळा घेतला, दोन पावले गेली आणि दारातच थांबली.

"मामी," ती म्हणाली, "घरं किती?"